आमचें रसायनाचें दुसरें सत्र

वार्षिकासाठीं यंदा आम्हींही कांहीं लिहावें, असा संपादक-मंडळाचा आग्रह पडला. विद्यार्थ्यांस उपदेश आम्ही वर्षभर करीतच असतों. तेव्हां या खेपेस आपल्याच नापाशीची हकीगत सांगावी असें मनांत आलें. पालकांनींही ती वाचावी, कारण तींत एका पालकाचा संबंध आहे.

सन २०१३ च्या ऑगस्टांत मंडळीच्या एका शिष्यवृत्तीवर आम्ही वर्षभरासाठीं अमेरिकेंतील इलिनॉय राज्यांत गेलों. वय छत्तीस, नोकरी बारा वर्षांची. जाणें झालें तें शिक्षणशास्त्रासाठीं; परंतु त्या विश्वविद्यालयांत दुसऱ्या सत्रीं एखादा विज्ञानविषय घेण्याची मुभा होती. आम्ही बी. एस्सी. झालों तें गणित घेऊन. रसायन पहिल्या वर्षीं जेवढें पाठ केलें तेवढेंच. तथापि शाळेंत नववी-दहावीचें विज्ञान आमच्याकडेच असे, आणि तें आम्ही उत्तम शिकवितों असा आमचा समज होता. तेथील सल्लागार बाईंनीं आमचीं प्रमाणपत्रें पाहून विचारलें, "सामान्य रसायनाचा पूर्वार्ध पुन्हां करणार, कीं एकदम उत्तरार्धास बसणार?" आम्हीं हंसून उत्तर दिलें, "पूर्वार्ध तर आम्ही स्वतःच शिकवितों." अशा रीतीनें अठरा-एकोणीस वर्षांच्या दीडशें मुलामुलींत, कपाळ मागें हटूं लागलेले असे आम्ही एकटेच जाऊन बसलों.

तो हिंवाळा आम्ही विसरणें शक्य नाहीं. ६ जानेवारी २०१४ रोजीं शिकागोच्या विमानतळावर पारा शून्याखालीं सुमारें २७ सेल्सिअस अंशांवर उतरला होता. आमचें गांव तेथून फार दूर नव्हतें. रस्त्यावरचें बर्फ वितळावें म्हणून तिकडे गाड्यांनीं मीठ पसरतात. त्या दिवशीं तें मीठ बर्फावर वाळूसारखें कोरडेंच पडून होतें. सत्र सुरू झालें तेव्हां प्राध्यापकांनीं पहिल्याच तासाला विचारलें, "परवां मिठानें काम कां केलें नाहीं?" एक किलोग्रॅम पाण्यांत साडेअठ्ठावन ग्रॅम मीठ विरघळविलें तर तें पाणी शून्याऐवजीं उणे साडेतीन अंशांच्या आसपास गोठूं लागतें; मीठ वाढवावें तसा हा बिंदू खालीं जातो, पण उणे २१ अंशांपाशीं त्याची मर्यादा संपते. त्याहून अधिक थंडींत मीठ आणि बर्फ शेजारीं शेजारीं राहिले तरी एकमेकांस ओळखत नाहींत.

हें ऐकतांना आम्हांस मामांच्या ओसरीवरील आइस्क्रीमचें पॉट आठवलें. मे महिन्यांत आम्ही भावंडें पाळीपाळीनें दांडा फिरवीत असूं, आणि मामी बर्फावर मूठमूठ खडेमीठ टाकीत. मीठ कां टाकतात असें एकदां वर्गांत निघालें, तेव्हां "मीठ प्रकृतीनें थंड असतें" असें आम्हीं बेधडक सांगितलें होतें. वास्तविक मिठामुळें बर्फ वितळूं लागतें, वितळण्यासाठीं लागणारी उष्णता तें आंतल्या दुधापासून ओढून घेतें, आणि म्हणून दूध गोठतें. ही आमची पहिली चूक. ती कोणास कळली नव्हती, म्हणून आम्हीं ती मनांतल्या मनांत पुसून टाकली.

फेब्रुवारींत रासायनिक समतोलावर पहिली परीक्षा झाली. तिकडे अशीं गणितें एका तक्त्यांत मांडतात. मूळ, बदल आणि समतोल या अर्थाच्या तीन इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून मुलें त्यास 'आइस' म्हणत. तक्ता आम्हांस येत होता, त्यांतून निघणारें वर्गसमीकरण तर डाव्या हातचा मळ. परंतु भांड्यांत काय चाललें आहे हें न कळतां आम्ही आंकडे भरीत होतों. शंभरांपैकीं अडतीस गुण मिळाले. बारा वर्षें दुसऱ्यांच्या उत्तरपत्रिकांवर तांबडी शाई चालविणाऱ्या माणसास तांबड्या शाईंतला तो आंकडा कसा दिसला असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी. त्या रात्रीं आम्हीं घरीं फोनही केला नाहीं.

आम्हांस सांवरलें तें शेजारीं बसणाऱ्या एका शेतकऱ्याच्या मुलीनें. तिला लॉगरिथम येत नसत, आणि पीएचचीं गणितें त्याखेरीज सुटत नाहींत. आम्ही लॉगच्या कोष्टकावर वाढलेले. म्हणून दर बुधवारीं आम्ही तिला लॉग शिकवावे आणि तिनें आम्हांस रसायन, असा व्यवहार ठरला. तिच्या वडिलांची मक्याची शेती होती, आणि दाबाखालीं द्रवरूप केलेला अमोनिया टाकीतून थेट जमिनींत सोडणें तिनें लहानपणापासून पाहिलें होतें. नायट्रोजन व हायड्रोजन यांचा अमोनिया होतो त्याच वेळीं अमोनिया मोडून तेच वायु परत निघत असतात. ही अभिक्रिया उष्णता देणारी; म्हणून तापमान वाढविलें कीं अमोनियाचें प्रमाण घटतें, आणि उतरविलें तर काम इतकें मंद चालतें कीं कारखानदार वाट पाहून थकावा. लशातलिए यांनीं समतोल कोणीकडे सरकतो याचा नियम १८८४ मध्यें मांडला होता. हाबर यांनीं १९०९ मध्यें प्रयोगशाळेंत अमोनिया थेंबथेंब काढून दाखविला, आणि १९१३ मध्यें जर्मनींत ओपाउ येथें त्याचा कारखाना चालूं झाला. चारशें ते पांचशें अंश उष्णता, दोनशें वातावरणांच्या आसपास दाब आणि लोहाचा उत्प्रेरक, अशी ती तडजोड आहे. आपल्याकडे थळच्या कारखान्यांतही अमोनिया करून त्यापासून युरिया बनवितात. ती मुलगी म्हणे, "आंकडे मागाहून भरा. भांड्यांत कोण येतो आहे आणि कोण जातो आहे, तें आधीं सांगा." इतकें सोपें वाक्य आम्हीं आमच्या वर्गांत कधीं उच्चारलें नव्हतें.

आणि मग मार्च महिन्यांतला तो तास आला. विषय होता अल्पविद्राव्य क्षारांचा. प्राध्यापक फळ्याकडे तोंड करून जातां जातां म्हणाले, "संपृक्त द्रावणांत कोपरा मोडलेला स्फटिक टांगला तर कांहीं दिवसांनीं त्याचा आकार बदलतो, कोपरा भरून येतो, वजन मात्र तेंच राहतें. विरघळणें थांबलेलें नसतें. जितकें विरघळतें तितकेंच पुन्हां स्फटिकावर बसतें." सगळीं मुलें लिहीत होतीं. आमची लेखणी थांबली.

सन २०११ मध्यें आमच्या नववीच्या वर्गांत एका सोनाराचा मुलगा होता. त्यानें प्रकल्पासाठीं मोरचुदाचा एक मोठा खडा वाढविला. त्याचा कोपरा खालीं पडून फुटला, तेव्हां तो फेंकून न देतां त्यानें संपृक्त द्रावणांत दोऱ्यानें टांगला, पाणी उडूं नये म्हणून बरणीचें झांकण मेणानें बंद केलें, आणि तीन आठवड्यांनीं तो पुन्हां वडिलांच्या कांट्यावर तोलला. दोन्ही खेपांस वेळ सकाळचीच होती. वहींत त्यानें लिहिलें होतें, "कोपरा भरला. वजनांत गुंजेचाही फरक नाहीं." मग तो आमच्याकडे येऊन म्हणाला, "सर, मग विरघळणं थांबलं म्हणायचं, कीं चालूच आहे?" आम्हीं सांगितलें, "संपृक्त द्रावणांत विरघळणें थांबतें. कोपरा भरला असेल तर वजन वाढलेंच पाहिजे. तुझा कांटा चुकला." आणि वहीवर 'निरीक्षण सदोष' असा शेरा मारून दहांपैकीं चार गुण दिले.

दोन दिवसांनीं त्याचे वडील शाळेंत आले. टोपी हातांत घेऊन म्हणाले, "सर, मार्कांचं राहूं द्या. पण कांटा चुकला असं पोरानं घरी सांगितलं. आमचा कांटा चुकत नाहीं." घंटा झाली होती, आम्हीं "बरें, पाहूं" म्हणून वर्गाची वाट धरली.

त्या मार्चांत, परदेशांतल्या त्या बांकावर, हें वाक्य आम्हांस पुन्हां ऐकूं आलें. रात्रीं पत्र लिहावयास बसलों. दोनदां लिहिलें आणि दोनदां फाडलें. पत्रानें कबुली देणें फारच सोपें होतें. पुढील अभ्यासाबद्दल सांगण्यासारखें थोडेंच आहे. विद्युत्-रसायन बरें गेलें, शेवटच्या परीक्षेंत एक्याऐंशीं गुण पडले, आणि त्या मुलीस आमच्याहून दोन अधिक.

जूनमध्यें परत आल्यावर पहिल्या रविवारीं आम्ही सराफकट्ट्यावर गेलों. मुलगा दहावी झाल्यापासून पेढीवरच बसत होता. त्यांत आमच्या शेऱ्याचा वांटा किती, हें विचारण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं. आजही झालेलें नाहीं. आम्हीं त्यास सरळ सांगितलें कीं, तुझें निरीक्षण बरोबर होतें, वजनही बरोबर होतें, चुकलों तें आम्ही. तो लाजला, आणि चहा सांगतों म्हणून उठला. त्याचे वडील आंत दागिना उजळीत होते. ते बाहेर आले नाहींत, बसल्या जागेवरूनच त्यांनीं विचारलें, "म्हणजे कांटा बरोबर होता?"

"होय अण्णा, कांटा बरोबर होता."

"मग झालं," ते म्हणाले, आणि पुन्हां खालीं मान घालून कामास लागले.

तेव्हांपासून दरवर्षीं नववीच्या मुलांकडून आम्ही मोरचुदाचा खडा वाढवून घेतों, कोपरा मोडतों आणि बरणी मेणानें बंद करतों. शाळेंत कांटा आहे. पण तोलण्यासाठीं आम्ही वर्ग घेऊन त्या पेढीवर जातों. तेथें आतां विजेचा कांटा आला आहे. तरी मुलें येणार म्हटलें कीं अण्णा आदल्या दिवशींच कांचेच्या पेटींतला जुना कांटा काढून, पुसून ठेवतात, आणि खडा पारड्यांत कोणीं ठेवावयाचा तें स्वतः ठरवितात.