जहाजावरची पंगत

आमच्या सांगलीत हल्ली ‘क्रूझ’ हा शब्द हळदीकुंकवातही ऐकू येऊ लागला आहे. कुणी लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला जाऊन आलेले असते, कुणाची मुले आईवडिलांना हौसेने पाठवतात. आणि निघण्यापूर्वी प्रत्येक बाई दोन प्रश्न हमखास विचारते. पहिला, “आपल्याला खाता येईल असं काही मिळतं का हो?” आणि दुसरा, जरा आवाज खाली करून, “ते काटे-चमचे कसे धरायचे असतात?”

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सिंगापूरहून पेनांग आणि फुकेत अशी चार रात्रींची जहाजयात्रा केली. आम्ही म्हणजे हे, मी, आमचा बारा वर्षांचा मुलगा आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई. शाळेतली अर्धवेळ नोकरी आणि घर यांतून चार दिवस मोकळे मिळाले होते, म्हणून मी जरा डोळे उघडे ठेवून सगळे पाहिले. पहिल्या प्रश्नाचे उत्तर अगदी सोपे आहे. दुसऱ्याचे मात्र काट्या-चमच्यांच्या पलीकडे जाते. तेच आज सांगणार आहे.

सिंगापूरचे मरीना बे क्रूझ सेंटर २०१२ साली सुरू झाले. विमानतळासारखेच प्रशस्त, आणि तपासणीही तशीच कडक. इथे एक सूचना करून ठेवते. कपड्यांची इस्त्री, चहाची विजेची किटली, पाणी तापवायचा रॉड यांतले काही बरोबर नेऊ नका. आगीच्या भीतीने या वस्तू काढून घेतात आणि उतरताना परत देतात. घरचे शिजवलेले पदार्थही सहसा नेऊ देत नाहीत. कोरडा खाऊ न्यायचाच असेल तर तो पॅकबंद असावा, आणि तोही चालतो का हे तिकीट काढतानाच विचारून घ्यावे.

जहाजावर चढल्याबरोबर मंडळी धावतात ती जेवणाच्या मजल्यावर. खरे पाहता पहिले काम वेगळेच असते. संकटाच्या वेळी कुठे जमायचे ती जागा आपल्या कार्डावर लिहिलेली असते. तिथे जाऊन हजेरी लावायची. सूचना बऱ्याच जहाजांवर फोनवर किंवा खोलीतल्या टीव्हीवर पाहायला मिळतात. सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा, ही धोक्याची खूण. आमच्या सहलीतले काहीजण कुरकुरत होते, “हे काय, शाळेसारखं!” सासूबाई मात्र सगळ्यांच्या आधी जाऊन उभ्या राहिल्या. त्यांचे माहेर अलिबागकडचे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेच्या वर माणसे गेली. सासूबाईंचा जन्म त्यानंतरचा, पण त्यांच्या लहानपणी घराघरांत तीच गोष्ट होती. आणि ही गोष्ट जुनी म्हणून सोडून देण्यासारखी नाही. २०१२ च्या जानेवारीत इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉनकॉर्डिया’ हे मोठे थोरले प्रवासी जहाज खडकावर आदळून कलंडले आणि बत्तीस जण दगावले. त्यातल्या नुकत्याच चढलेल्या प्रवाशांना ही तालीम मिळालेलीच नव्हती. तेव्हापासून नियम कडक झाले. तेव्हा जहाजावरचा पहिला शिष्टाचार हाच, की बोलावले की जायचे.

आता जेवणाकडे वळू. तिकिटाच्या पैशांत साधारणपणे दोन ठिकाणची जेवणे येतात. एक म्हणजे ‘बुफे’, म्हणजे हाताने वाढून घ्यायचे, आणि दुसरे म्हणजे मोठे भोजनगृह, जिथे टेबलाशी बसायचे आणि वाढपी आणून देतात. चहा, कॉफी, पाणी बुफेत मिळते. बाटलीबंद थंड पेये, मद्य आणि खास उपाहारगृहे यांचे पैसे निराळे पडतात. रोख पैसे कुठेच चालत नाहीत, खोलीच्या कार्डावर नोंद होते. म्हणून मुलांच्या हाती ते कार्ड देताना विचार करावा!

सिंगापूरच्या जहाजावर आपली माणसे भरपूर असतात. त्यामुळे डाळ, भात, भाजी, पोळीसारखे काहीतरी रोज असतेच. शाकाहारी किंवा जैन जेवण हवे असेल तर तिकीट काढतानाच कळवावे, आणि पहिल्या रात्री आपल्या टेबलाच्या मुख्य वाढप्याला पुन्हा सांगावे. तो दुसऱ्या दिवशीची यादी आदल्या रात्री दाखवतो आणि तुम्हाला काय चालेल ते लिहून घेतो.

बुफेच्या दारात हात धुवायला लावतात. काहींना तो अपमान वाटतो, पण कारण ऐका. जहाजावर हजारो माणसे एका छपराखाली. तिथे नोरोव्हायरस नावाचा उलट्या-जुलाबांचा विषाणू शिरला तर भराभर पसरतो. हातावर चोळायच्या सॅनिटायझरला तो फारसा दाद देत नाही, साबण आणि पाणीच लागते. आणि एका पातेल्यातला डाव दुसऱ्यात घालायचा नाही, हा नियम तर आपल्या स्वयंपाकघरातलाच आहे.

पहिल्या दुपारी बुफेत मी एक गोष्ट पाहिली. पुरुषमंडळी आणि मुले टेबल धरून बसलेली, आणि बायका दोन्ही हातांत थाळ्या घेऊन फिरताहेत. नवऱ्याला हे आवडेल, मुलाला ते आवडेल, सासऱ्यांना गोड लागते, अशा अंदाजाने थाळ्या शिगोशीग भरताहेत. मग टेबलाशी आल्यावर “हे कशाला आणलंस?”, “मला ते हवं होतं!” आणि निम्मे अन्न तसेच. लोक म्हणतात, फुकट म्हणून भारतीय माणसे ताटात टाकतात. मला वाटते, पुष्कळदा हाव नसतेच. दुसऱ्याच्या भुकेचा अंदाज करायचे काम एकटीवर पडलेले असते, हे खरे कारण. या टाकलेल्या अन्नाचे पुढे काय होते हे मी मुद्दाम वाचून काढले. त्यातले बरेचसे यंत्रात बारीक दळले जाते आणि नियमाप्रमाणे किनाऱ्यापासून लांब गेल्यावर समुद्रात सोडले जाते. आपल्या घरी शितालाही जपणाऱ्या आम्ही, आणि इथे पोती-पोती समुद्रात!

रात्री मी घरात जाहीर केले, “उद्यापासून ज्याचं ताट त्यानं वाढून घ्यायचं.” ह्यांनी आधी माझ्याकडे पाहिले, मग सासूबाईंकडे. तिकडून मदत येईल अशी आशा असावी. सासूबाई म्हणाल्या, “बरोबर आहे तिचं. मला हव्या तेवढ्याच भाताची मूद मला कळते.” दुसऱ्या दिवशी मुलाने थोडेच आणले, संपवले, आणि पुन्हा जाऊन थोडे आणले. ह्यांनी तर तीन प्रकारच्या कोशिंबिरी आणल्या, ज्यांना घरी हात लावत नाहीत! मी मात्र कित्येक वर्षांत पहिल्यांदा गरम जेवले.

रात्रीचे भोजनगृह ही या उलट गोष्ट. तिथे दोन पंगती असतात, एक सहाच्या सुमारास आणि दुसरी आठ-साडेआठला. टेबलाचा नंबर ठरलेला. उशिरा गेलात तर तुमच्या टेबलावरचे सगळे आणि मागचे स्वयंपाकघरही खोळंबते. एका रात्री जरा थाटाचा पोशाख सांगतात. पुरुषांनी कोट घालावा, आणि आपल्या बायकांनी सरळ चांगली साडी नेसावी. साडीपुढे कुठल्याही गाऊनने मान खाली घालावी, अशा सगळ्या त्या दिवशी दिसत होत्या.

काट्या-चमच्यांचे गूढही काही मोठे नाही. बाहेरच्या बाजूचे आधी उचलायचे आणि पदार्थागणिक आत सरकायचे. पावाची बशी डावीकडची आपली, पाण्याचा पेला उजवीकडचा. जेवण झाले की काटा-सुरी जवळजवळ, शेजारी शेजारी ठेवायची, म्हणजे वाढप्याला कळते. मध्येच उठायचे असेल तर रुमाल खुर्चीवर ठेवायचा. पोळी, डोसा हाताने खाल्लात तर कुणी काही म्हणत नाही. पेनांगला आमचे जहाज धक्क्याला लागले तेव्हा आम्ही जॉर्ज टाऊनमधल्या ‘लिट्ल इंडिया’त केळीच्या पानावर जेवलो. तिथे जेवण झाले की पान आपल्या बाजूला दुमडतात, जेवण आवडले याची ती खूण. मुलगा लगेच म्हणाला, “आई, हे त्या काट्या-सुरीसारखंच!” अगदी खरे. प्रत्येक पंगतीची आपली खूण असते, ती एकदा विचारून घेतली की झाले.

आमच्या टेबलाचा वाढपी गोव्याचा, सासष्टीतला निघाला. गोव्याची माणसे पिढ्यानपिढ्या बोटींवर कामाला आहेत. जुन्या इंग्रजी कंपन्यांच्या बोटींवरही आचारी आणि वाढपी गोव्याचे असत. तिथे या दर्यावर्दी माणसाला ‘तारवटी’ म्हणतात. सासूबाईंचे मराठी आणि त्याचे कोंकणी, दोघांचे छान जमले. पण पहिल्या रात्री त्यांना काही बसवेना. जेवण होताच त्या सवयीने सगळ्यांच्या बश्या एकावर एक रचायला लागल्या. तो धावत आला. “माय, तूं बस, हांव व्हरतां.” त्यांना वाढून घेण्याची सवयच नाही. जन्मभर सगळ्यांची जेवणे झाल्यावर पान घेतलेले. खरोखरच, बश्या अशा रचल्याने वाढप्याचे काम वाढते, कारण त्यांची उचलायची पद्धत ठरलेली असते. दुसऱ्या रात्री सासूबाई हात मांडीवर ठेवून बसल्या आणि त्याने सूप पुढे ठेवले तेव्हा त्याच्याकडे पाहून म्हणाल्या, “तू जेवलास का रे?” तो हसला. म्हणाला, शेवटची पंगत उठल्यावर.

या लोकांचे काम सकाळच्या न्याहारीपासून रात्री उशिरापर्यंत, तुकड्यातुकड्यांनी चालते. करार सहसा सहा ते नऊ महिन्यांचा, आणि तेवढे दिवस सलग घराबाहेर. चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती मिळालीच पाहिजे असा आंतरराष्ट्रीय करार आहे, तो २०१३ पासून अमलात आला. म्हणजे कायद्याने चौदा तासांपर्यंत काम होऊ शकते, हे आपण लक्षात ठेवावे.

तिसऱ्या रात्री शेजारच्या टेबलावर आपल्याकडचेच एक गृहस्थ होते. त्यांचे पाणी यायला उशीर झाला असेल. त्यांनी चुटकी वाजवली आणि ओरडले, “ए, इकडे ये!” आमचा वाढपी दोन हातांत चार बश्या घेऊन उभा. सासूबाईंनी मान वळवली आणि शांतपणे, पण ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “अहो, त्याच्या छातीवर नाव लिहिलंय. आईनं ठेवलंय ते.” ते गृहस्थ गप्प झाले. वाढप्याने येऊन पाणी ओतले आणि जणू काही झालेच नाही असा पुढे गेला.

रात्री डेकवर वारा खात उभी होते तेव्हा त्या गृहस्थांच्या पत्नी माझ्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “बरं बोलल्या तुमच्या सासूबाई. घरी मलासुद्धा चुटकीच वाजवतात.” मला काय बोलावे सुचेना. मी त्यांचा हात हातात घेतला. खाली पाणी काळेभोर होते आणि लांबवर मासेमारीच्या होड्यांचे दिवे दिसत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारीला त्या एकच बशी घेऊन आल्या आणि खिडकीशी बसून सावकाश खात राहिल्या. गृहस्थ थोडा वेळ बसून राहिले, मग उठून रांगेत उभे राहिले.

आणखी काही गोष्टी जाता जाता सांगते. तलावाकाठच्या खुर्च्यांवर पहाटे टॉवेल टाकून दिवसभर त्या अडवून ठेवू नयेत. लिफ्टमध्ये आधी आतल्यांना बाहेर येऊ द्यावे. रात्री बोळातून जाताना गप्पांचा आवाज कमी ठेवावा, भिंती पातळ असतात. बंदरावर उतरताना बुफेतली फळे पर्समध्ये घालू नयेत, पुष्कळ देशांत ती नेण्यास मनाई आहे. थायलंडचे घड्याळ सिंगापूरच्या मागे एक तास चालते, तेव्हा परतायची वेळ जहाजाच्या घड्याळाने पाहावी. उशीर झालेल्यांसाठी जहाज थांबत नाही.

बक्षिसीचे पैसे बहुधा दर माणशी, दर दिवशी बिलात आपोआप लागतात. ते आधी बघून ठेवावे, म्हणजे शेवटच्या दिवशी कटकट होत नाही. त्याखेरीज एक गोष्ट फुकट करता येते. यात्रा संपल्यावर अभिप्राय विचारतात, त्यात आपल्या वाढप्याचे आणि खोली आवरणाऱ्याचे नाव लिहावे. वरिष्ठ ते वाचतात आणि त्याचा त्यांना उपयोग होतो.

शेवटच्या रात्री सासूबाईंनी ह्यांच्याकडून वीस डॉलरची नोट मागून घेतली आणि वर आणखी एक डॉलर मागितला. “शुभ असतं,” म्हणाल्या. पाकीट त्या मुलाच्या हाती देताना विचारले, “घरी कधी जाणार?”

“जानेवारींत, माय. नाताळ हांगाच.”

“मग आईला फोन कर,” सासूबाई म्हणाल्या, “आणि सांग, आम्ही पोटभर जेवलो म्हणून.”