मसुदा कोणाचा?

शासकीय सेवेत नोटशीटने मला एक शिस्त लावली. लिपिकाने टीप लिहायची, अधीक्षकाने तीत भर घालायची आणि अधिकाऱ्याने शेवटी सही करायची. जबाबदारी सही करणाऱ्याची; परंतु कोणते वाक्य कोणी लिहिले, हे कागदावर कायम राही. निवृत्त होऊन जसोंडीला आल्यावर लेखणी हाती घेतली, तेव्हा उमगले की साहित्याला नोटशीट नसते.

गेल्या वर्षी थोरल्या बंधूंच्या स्मरणार्थ घरगुती पुस्तिका काढायचे ठरले. लेख काही केल्या जुळेना. नातवाने चॅटजीपीटी समोर ठेवले. मी चार तपशील सांगितले आणि बघता बघता तीन पाने तयार झाली. त्यांवर थोडा हात फिरवून खाली मी केवळ माझे नाव घातले. त्यात एक वाक्य होते : उन्हाळ्याच्या संध्याकाळी दादा अंगणातल्या कडुनिंबाखाली बसून आम्हांला गोष्टी सांगत.

बऱ्हाणपूरहून ताईंचा फोन आला. स्वर दाटलेला होता. "अरे, तो कडुनिंब मी विसरूनच गेले होते. तुझ्यामुळे पुन्हा दिसला."

आमच्या अंगणात कडुनिंब कधीच नव्हता. हे यंत्र अफाट मजकुरावरून कोणत्या शब्दापुढे कोणता शब्द संभवतो, एवढे जाणते. निमाडातले अंगण म्हटले की कडुनिंब संभवतो. यंत्राचा त्यात दोष नाही. वाचताना माझी लेखणी क्षणभर थांबली होती. पण वाक्य देखणे होते, म्हणून राहू दिले.

उसने घेण्यात कमीपणा नाही. ज्ञानेश्वरांनी व्यासांचे आणि भाष्यकारांचे ऋण मान्य केले. आगरकरांचे 'विकारविलसित' (१८८३) हे 'हॅम्लेट'चे भाषांतर आणि पु. ल. देशपांडे यांची 'ती फुलराणी' शॉच्या 'पिग्मॅलियन'वर आधारलेली, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याने दोघांचेही मोठेपण उणे झाले नाही. जपानच्या रिए कुदान यांना २०२४ मध्ये आकुतागावा पुरस्कार मिळाला, तेव्हा कादंबरीत यंत्राची काही वाक्ये असल्याचे त्यांनी स्वतःच सांगितले. उसनवारी सांगितली की ते ऋण होते. लपवली की वाचकाची फसवणूक होते. येथे तर वाचक माझी सख्खी बहीण होती.

आठ दिवसांनी ताईंकडे जाऊन सारे सांगितले. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मग आपल्या अंगणात काय होतं रे?"

आम्ही दोघे आठवू लागलो. विहिरीजवळ शेवगा होता. त्याची ठिसूळ फांदी मोडून दादा पडले होते आणि हात गळ्यात बांधून महिनाभर मिरवत होते.

उरलेल्या प्रतींत मी एक चिठ्ठी चिकटवली : 'या लेखाचा पहिला मसुदा यंत्राने केला आहे. कडुनिंबाचे वाक्य खरे नाही. शेवगा होता.' खाली सही केली. वाटून झालेल्या प्रतींतला कडुनिंब मात्र आता माझ्या हाती राहिलेला नाही.