दोन साक्षीदार

शस्त्राचा परवाना हा विषय आपल्याकडे सर्वसामान्य माणसाच्या वाट्याला सहसा येत नाही. कोकणात शेतीच्या राखणीसाठी कुणाकडे परवान्याची ठासणीची बंदूक असते. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागते, तेव्हाच काय ती गावाला तिची आठवण होते. इंग्रज सरकारने 1878 च्या कायद्याने इथल्या माणसाच्या हातातील शस्त्रावर निर्बंध घातले. स्वतंत्र भारताने 1959 साली आपला कायदा केला, तरी परवान्याची अट कायम राहिली आणि 2019 च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. या साऱ्यामागे सरकारचा एकच प्रश्न असतो : तुला बंदूक कशासाठी हवी?

2023 साली अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात पुतणीकडे दोन महिने राहण्याचा योग आला, तेव्हा हाच प्रश्न उलट बाजूने विचारला जाताना मी ऐकला. जावयांचे तेथे किराणा मालाचे छोटे दुकान आहे. एका रात्री दुकान बंद करतेवेळी दोघा जणांनी पिस्तूल रोखून गल्ला रिकामा केला. जीव वाचला, पण झोप उडाली. आपणही पिस्तूल घ्यावे, असे जावयांच्या मनाने घेतले. पुतणीचा त्यास ठाम विरोध होता. ‘घरात पंधरा वर्षांचा मुलगा आहे,’ एवढेच ती म्हणे.

शेजारी एक वृद्ध गृहस्थ राहत. ते मूळचे पेनसिल्व्हेनियाच्या डोंगराळ भागातले. थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या सोमवारी हरणांच्या शिकारीसाठी तिकडच्या कित्येक शाळांना सुट्टी असते. त्यांच्या लेखी बंदूक म्हणजे आजोबांकडून वडिलांकडे आणि वडिलांकडून आपल्याकडे आलेली घरातली वस्तू. ते मला म्हणाले, ‘मला ती का हवी, हे सरकारने का विचारावे? का देऊ नये, ते सरकारने सांगावे.’

तेथील कायद्याची वाटचालही याच दिशेने झाली आहे. शस्त्र बाळगण्याचा हक्क सांगणारी घटनादुरुस्ती 1791 ची. घरात स्वसंरक्षणासाठी पिस्तूल ठेवणे हा व्यक्तीचा हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली दिला आणि वॉशिंग्टन शहरातील पिस्तूलबंदी रद्द झाली. न्यूयॉर्क राज्यात 1911 पासून परवानापद्धती आहे. घराबाहेर पिस्तूल बाळगण्यासाठी विशेष कारण दाखवण्याची तेथील अट न्यायालयाने 2022 साली घटनाबाह्य ठरवली. न्यू जर्सीलाही आपली तशीच अट सोडावी लागली. 2024 पर्यंत 29 राज्यांत तर असा परवानाच आवश्यक राहिला नव्हता.

न्यू जर्सीत मात्र पिस्तूल विकत घेण्यासाठी परवाना लागतोच. अर्जदाराचे बोटांचे ठसे घेतले जातात. गुन्हा, व्यसन, मानसिक आजार यांची माहिती विचारली जाते. शिवाय त्याला ओळखणाऱ्या दोन प्रौढ व्यक्तींची नावे द्यावी लागतात आणि पोलीस त्यांच्याकडे चौकशी करतात. जावयांनी शेजारच्या वृद्धांचे नाव घातले. त्यांनी तत्काळ होकार दिला. दुसरे नाव एका मराठी स्नेह्यांचे होते. ते शिक्षक. ते घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, ‘तुमच्याविषयी मी चांगलेच सांगेन. पण किल्ली कुठे ठेवणार? मुलगा कधी निराश होऊन घरी आला, तर?’

कुणी काही बोलले नाही. अमेरिकेत 2021 साली बंदुकीने 48,830 माणसे मेली, त्यांपैकी 26,328 जणांनी आत्महत्या केली होती. चोराच्या भयाने घरात आणलेले शस्त्र घरच्याच माणसाच्या हाती लागण्याची ही भीती निराधार नव्हती. आणि तरीही, रात्री एकट्याने दुकानाचे दार ओढून घेणाऱ्या माणसाला हा आकडा ऐकवणे मला जमले नाही.

त्या दोन नावांचा अर्थ मला त्या दिवशी उमगला. शेजारच्या वृद्धांचा स्वातंत्र्याचा आग्रह मी समजू शकतो. परंतु पिस्तुलाची गोळी भिंतीपलीकडेही जाते. म्हणून ते घेणाऱ्याला त्याच्या ओळखीच्या कुणीतरी काही विचारावे, यात त्याचा अपमान नाही. कचेरीतला अधिकारी अर्ज तपासतो. मुलाची काळजी मात्र ज्याने त्या घरचा चहा घेतला आहे, त्यालाच वाटते.

मी परतल्यानंतर परवाना आला. त्याची मुदत संपली, तरी जावयांनी पिस्तूल घेतले नाही आणि नवा अर्जही केला नाही. दुकान आता दहाऐवजी आठला बंद होते. मिळकत घटली आहे. भीती अजून गेलेली नाही, असे पुतणी फोनवर सांगते. ते शिक्षक मात्र आठवड्यातून दोनदा, बंद करायच्या वेळी, दुकानात येऊन उभे राहतात.