लपविलेलें नांव

ही हकीकत लिहावी कीं नाहीं, याचा मीं पुष्कळ विचार केला. घरचें दुखणें चव्हाट्यावर मांडूं नये, अशी आमच्या आजीची शिकवण आहे. परंतु ज्या नांवाविषयीं लिहावयाचें आहे, तें आम्हीं एकदां लपविलें होतें. पुन्हां लपविणें मला बरें वाटत नाहीं.

माझा थोरला भाऊ भिवंडीस यंत्रमागावर कामास होता. एका खोलींत आठ-दहा जण निजत. गेल्या दिवाळीस तो घरीं आला तो खोकतच. पौषांत थुंकी तपासली, तेव्हां क्षय निघाला. औषधें सरकारी दवाखान्यांतून फुकट मिळूं लागलीं. सहा महिने घ्यावयाचीं होतीं. येथवर सारें सोपें होतें.

तिसऱ्या दिवशीं आमच्या आळींतल्या आशाताई वही घेऊन आल्या. २००५ सालच्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानापासून नेमलेल्या या बायका गांवांतल्याच असतात. त्यांना नोकरदारासारखा पगार नसतो. मानधन आणि कामागणिक मोबदला मिळतो. त्यांनीं आजीपुढें बसून विचारलें, "आजी, दादाजवळ कोण कोण निजत होतें? दोन आठवड्यांवर खोकला कोणाला आहे? ताप, रात्रीं घाम, वजन घटणें?" आजीनें पांच नांवें सांगितलीं. सहावें सांगितलें नाहीं. दिवाळींत ताई आपल्या दीड वर्षाच्या मुलीला घेऊन पंधरा दिवस माहेरीं राहिली होती, आणि ती पोर दिवसभर दादाच्या कडेवर असे. सासरीं कळलें तर ताईचें काय होईल, या धास्तीनें आजी गप्प राहिली. मींहि मान खालीं घातली.

आशाताईंना तें ठाऊक नसेल काय? ताईला हळद लावणाऱ्यांत त्या होत्या! तरी त्यांनीं आपण होऊन नांव लिहिलें नाहीं. दोनदां आल्या, चहा घेऊन गेल्या. तिसऱ्या खेपेस मी अंगणाबाहेर पोंचवावयास गेलों, आणि बोलून गेलों.

त्या रागावल्या नाहींत. म्हणाल्या, "पांच वर्षांखालच्या लेकराला हा रोग लवकर धरतो, बाळा. तिकडची आशा माझ्या ओळखीची आहे. ती लेकरांच्या वजनासाठीं, लशीसाठीं घरोघर हिंडतेच. तिच्या जाण्याचा कोणाला संशय येणार नाहीं."

भाचीला आठ दिवस ताप येत होता. घरचे दांतांचा म्हणत. वजन घटलें होतें. जिल्ह्याच्या रुग्णालयांत क्ष-किरणांनीं छातीचें चित्र काढलें, तेव्हां रोग सांपडला. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलें. आम्ही पांचहि जण निरोगी ठरलों आणि आम्हांला प्रतिबंधक गोळ्या मिळाल्या. पूर्वीं त्या मुख्यत्वें लहान मुलांनाच देत, २०२१ पासून घरांतील सर्वांना देऊं लागले.

पोर आतां धांवते. ताईच्या सासूबाईंनीं मात्र चार महिने आमच्या घरचें पाणी घेतलें नाहीं, हेंहि लिहिलें पाहिजे. आजीनेंहि कांहीं दिवस माझ्याशीं बोलणें सोडलें होतें. अलीकडे आशाताई अंगणांत दिसल्या कीं ती स्वतः उठून चहाचें आधण ठेवते; वहीकडे मात्र पाहत नाहीं.