शेवटच्या अध्यायापर्यंत



देवासमधल्या आमच्या रविवारच्या धर्मशिक्षण वर्गात नववीतल्या एका मुलाने विचारलं, "ताई, सगळं व्यर्थच असेल तर प्रार्थना कशाला करायची?" त्याचे आजोबा नुकतेच गेले होते. घरी त्याने 'उपदेशक' उघडलं आणि पहिला अध्याय वाचून मिटून ठेवलं होतं. आई गेली तेव्हा मीही तिथेच थांबले होते.

मला नीळकंठशास्त्री गोरे आठवले. काशीत वाढलेले हे मराठी पंडित. ख्रिस्ती मत खोडून काढायचं म्हणून त्यांनी बायबल हाती घेतलं. पण आपल्या शास्त्रपरंपरेचा नियम आहे: आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं, पूर्ण समजून घ्यायचं, उत्तर नंतर. वाचता वाचता ते बदलले आणि १८४८ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

'उपदेशक'ही असाच वाचावा लागतो. तो निराशा लपवत नाही, ती आधी पूर्ण बोलू देतो. मग भाकरी, कष्ट, सोबत यांतला आनंद देवाची देणगी म्हणून दाखवतो आणि बाराव्या अध्यायात देवापाशी येऊन थांबतो. एक ओळ तोडून घेतली, तर आपल्या हाती फक्त पूर्वपक्ष उरतो.

बारा अध्याय आम्ही तीन रविवारी वाचले. शेवटी मुलगा म्हणाला, "म्हणजे त्यालाही माझ्यासारखंच वाटलं होतं."

प्रभो, तुझं म्हणणं पुरतं ऐकण्याचा धीर आम्हाला दे. आमेन.