कव्हरची मागची बाजू

व्हिक्टोरिया हर्नांडेझ गायिका नव्हती, दुकानदार होती. पोर्तो रिकोहून न्यूयॉर्कला आलेल्या या बाईनं 1927 साली ईस्ट हार्लेममध्ये रेकॉर्डचं दुकान काढलं. पोर्तो रिकोच्या माणसानं त्या शहरात काढलेलं ते पहिलं रेकॉर्डचं दुकान मानलं जातं. मागच्या खोलीत ती पियानोच्या शिकवण्या घ्यायची. तिचा भाऊ राफाएल तिथंच बसून गाणी रचायचा आणि हाच राफाएल हर्नांडेझ पुढे सगळ्या लॅटिन अमेरिकेत गाजला. काम शोधणारे वादक दुकानाशी येऊन थांबत, आणि रेकॉर्ड कंपन्यांना वादक हवे असले की त्यांची माणसंही तिथंच येत. 1941 मध्ये तिनं ब्राँक्समध्ये दुकान थाटलं. ते 1969 साली माइक अमादेओ या गीतकारानं घेतलं, म्हणून ‘कासा अमादेओ’. 2001 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या नोंदवहीत या जागेचं नाव चढलं.

न्यूयॉर्कच्या लॅटिन संगीताचा इतिहास कुणी लिहायला घेतलाच, तर त्यानं त्या मागच्या खोलीपासून सुरुवात करावी.

*

जॉनी पाचेको हा डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये जन्मलेला बासरीवादक आणि जेरी मासुची हा वकील. दोघांनी 1964 मध्ये ‘फानिया’ कंपनी काढली. सुरुवातीला गाडीच्या डिकीत रेकॉर्डी भरायच्या आणि हार्लेममधल्या दुकानांत नेऊन द्यायच्या, असा व्यवहार होता. दहा वर्षांच्या आत याच कंपनीमुळे ‘साल्सा’ हे नाव जगभर झालं.

फानियाच्या टपाल विभागात रुबेन ब्लेड्स हा पनामाहून आलेला, कायद्याची पदवी घेतलेला तरुण नोकरी करत होता. 1978 मध्ये त्यानं ट्रॉम्बोनवादक विली कोलोनबरोबर ‘सिएम्ब्रा’ हा अल्बम केला. त्यातलं ‘पेद्रो नावाहा’ सात मिनिटांहून लांब आहे. एक गुंड, रस्त्यावर उभी राहणारी एक बाई, सुरा, पिस्तूल, दोन मुडदे, आणि शेवटी त्यांच्याजवळचं सगळं उचलून गात गात निघून जाणारा दारुडा. मध्येच पोलिसांच्या गाडीचा भोंगा. पोवाडा ऐकलेल्या कानाला यात ओळखीचं पुष्कळ सापडेल. प्रसंगामागून प्रसंग येतात आणि मागून झील धरावी तसा कोरस उठतो. रेडिओला हे गाणं फार लांब वाटेल अशी धास्ती होती. लोकांना तसं वाटलं नाही. साल्सातल्या सर्वाधिक खपलेल्या अल्बमांत ‘सिएम्ब्रा’ची गणना होते.

*

साल्साचा कणा असलेली, हातावर करून बघायची गोष्ट. तीनतालासारख्या सोळा मात्रा मोजायच्या. टाळ्या फक्त पाच: 1, 4, 7, 11 आणि 13 वर. हा क्यूबाच्या ‘सोन’ या संगीतप्रकाराचा क्लावे. तिसरी टाळी सातवरून आठवर सरकवली की रुम्बाचा क्लावे होतो. फरक एका मात्रेचा, पण चाल पार बदलून जाते.

क्लावे हे ठेक्याचं नाव, आणि तो वाजवायच्या दोन आखूड, जाड लाकडी दांड्यांचंही. पुष्कळ गाण्यांत त्या वाजतही नाहीत, तरी पियानो, कोंगा, गायक सगळे त्या पाच ठोक्यांना धरून चालतात. आपल्याला समेची ओढ असते. इथं सम शोधायला गेलं तर बेस चकवतो. तो पहिली मात्रा बहुतेक वेळा मोकळी सोडतो आणि पुढचा सूर तिच्या आधीच लावून ठेवतो. म्हणून आधी पाच ठोके अंगात मुरवावेत आणि मग बेसकडे कान द्यावा. या संगीताबद्दल एकच गोष्ट शिकायची असेल तर ती ही.

*

हे ताल आपल्या घरांत फार आधी पोचले होते. पुणतांब्याचे सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र चितळकर, यांनी ‘समाधी’ (1950) मध्ये लता मंगेशकर आणि अमीरबाई कर्नाटकी यांच्याकडून जे गाजलेलं द्वंद्वगीत गाऊन घेतलं, त्याची चाल ‘चिको चिको’ या गाण्यावर बेतलेली होती. कार्मेन मिरांडानं ते 1945 च्या ‘डॉल फेस’ या हॉलिवूडपटात गायलं होतं. ‘समाधी’च्या पुढच्याच वर्षी भगवानदादांच्या ‘अलबेला’मध्ये बोंगो घुमला. रामचंद्रांच्या जोडीला होते चिक चॉकलेट, मूळ नाव आंतोनियो शावियेर वाझ, गोव्याचे ट्रम्पेटवादक. ‘अलबेला’च्या एका गाण्यात तर ते आणि त्यांचा बँड झालरींच्या बाह्यांचे कपडे घालून पडद्यावरही दिसतात.

पण त्या काळच्या सिनेमाच्या रेकॉर्डवर वादकांची नावं छापत नसत. संगीतकार, गायक, चित्रपट. तिथं यादी संपे. मुंबईच्या स्टुडिओंत हयात काढलेल्या गोव्याच्या कितीतरी वादकांना ओळखण्यासारखा कागदाचा एक चिटोराही मागं राहिला नाही, याचं मला फार दुःख आहे.

*

रेकॉर्ड ही वस्तू काय करू शकते, याचा सगळ्यांत मोठा पुरावा आफ्रिकेत आहे. एचएमव्हीनं 1933 पासून ‘जी. व्ही.’ या क्रमांकमालिकेत क्यूबाच्या गाण्यांच्या 78 च्या तबकड्या पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत विकायला पाठवल्या. गुलामांच्या जहाजांतून जे ताल आफ्रिकेतून क्यूबाला गेले होते, ते लाखेच्या तबकडीवरून परत आले. काँगोच्या लोकांना त्यात आपलंच काहीतरी ऐकू आलं. लिओपोल्डविलचे, म्हणजे आजच्या किन्शासाचे, गायक सुरुवातीला स्पॅनिशसारखे वाटणारे शब्द रचून गात. मग ते लिंगालात गाऊ लागले, गिटारींनी पियानोची जागा घेतली, आणि काँगोचा रुम्बा उभा राहिला. 1956 मध्ये गिटारवादक फ्रांकोचा ‘ओके जाझ’ हा बँड आला. 1960 मध्ये काँगोच्या स्वातंत्र्याच्या वाटाघाटी ब्रसेल्सला चालू असताना गायक जोसेफ कबासेलेनं तिथंच ‘आंदेपांदांस चा चा’ केलं. देशाच्या स्वातंत्र्याचं गाणं, आणि ताल क्यूबाचा चा-चा-चा!

सेनेगलच्या डाकारमध्ये 1970 साली ‘ऑर्केस्ट्रा बाओबाब’ सुरू झाला तोही क्यूबाच्या रेकॉर्डींवर वाढलेल्या वादकांचा. हा बँड पुढे मोडला. 2001 मध्ये पुन्हा एकत्र आल्यावर त्यांनी केलेल्या पहिल्या अल्बममध्ये क्यूबाचे इब्राहिम फेरेर पाहुणे म्हणून गायले.

*

कोलंबियाच्या किनाऱ्यावर, कार्ताहेना आणि बारांकिया या बंदरांत, रस्त्यावरच्या नाचासाठी ‘पिको’ असतात, म्हणजे भडक चित्रं रंगवलेले प्रचंड स्पीकर. खलाशांकडून मिळालेल्या आफ्रिकन रेकॉर्डी त्यांच्यावर वाजत. आपली रेकॉर्ड दुसऱ्या पिकोवाल्याला कळू नये म्हणून मालक तिचं लेबल खरवडून टाकत. लोक मग त्या गाण्यांना आपापली नावं देत. यातूनच ‘चांपेता’ जन्माला आली. धंद्यातली चुरस मी समजू शकतो, पण त्या खरवडलेल्या नावांसाठी जीव तुटतो.

*

1987 च्या उन्हाळ्यात लंडनच्या इस्लिंग्टन भागातल्या ‘एम्प्रेस ऑफ रशिया’ या पबमध्ये छोट्या रेकॉर्ड कंपन्यांचे लोक जमले. अडचण साधी होती. मालीचा किंवा बल्गेरियाचा अल्बम दुकानदारानं कुठल्या कप्प्यात ठेवायचा? त्यांनी ‘वर्ल्ड म्युझिक’ ही पाटी ठरवली. पाटीचा उपयोग झाला, रेकॉर्डी हाताला लागू लागल्या. पण काँगोचा रुम्बा, बल्गेरियाच्या बायकांचं समूहगान आणि कव्वाली यांना एकत्र बांधणारं त्या पाटीपलीकडे काहीच नाही. कप्प्यापर्यंत पोचल्यावर ती विसरावी.

*

रॉक गायक पीटर गॅब्रिएल आणि सोबत्यांनी 1982 च्या जुलैत इंग्लंडात शेप्टन मॅलेटला पहिला ‘वोमॅड’ महोत्सव भरवला. बुरुंडीचे ढोलवादक आणि ब्रिटनचे रॉक बँड एकाच ठिकाणी. पैशांच्या दृष्टीनं तो पुरता बुडाला. त्याच ऑक्टोबरात गॅब्रिएलचे ‘जेनेसिस’ बँडमधले जुने साथीदार मिल्टन कीन्सला त्याच्यासोबत उभे राहिले आणि त्या कार्यक्रमाच्या उत्पन्नातून देणी भागली. 1985 मध्ये एसेक्समधल्या मर्सी बेटावर वोमॅडमध्ये नुसरत फतेह अली खाँ गायले. कर्ज फेडायला मित्र धावले नसते तर युरोपातल्या त्या श्रोत्यांपुढे नुसरत कदाचित आले नसते.

पोर्तुगालच्या सिनेश गावात दर जुलैत जगभरच्या संगीताचा महोत्सव भरतो, आणि गाण्यांचा मोठा मंच तिथल्या किल्ल्यात असतो. वास्को द गामाचं हेच जन्मगाव मानतात. गोव्याच्या माणसानं हा महोत्सव जरूर पाहावा.

*

रॉक गायक डेव्हिड बर्न रिओला गेला असताना दुकानातल्या सांबाच्या कप्प्यात त्याला एक एलपी मिळाली. कव्हरवर काटेरी तार आणि दोरखंड. 1976 चा ‘एस्तुदांदो ओ सांबा’, गायक तोम झे. बाकीच्या सांबा रेकॉर्डींच्या कव्हरांशी याचं काही जमेना, म्हणून त्यानं ती घेतली. तोम झे तेव्हा विस्मरणात गेला होता. बाहियातल्या आपल्या इरारा गावी परतून भाच्याच्या पेट्रोल पंपावर काम करण्याच्या विचारात होता. बर्ननं आपल्या ‘लुआका बॉप’ कंपनीतर्फे 1990 मध्ये त्याची निवडक गाणी काढली, आणि पन्नाशी उलटलेला तो माणूस पुन्हा मंचावर आला. कप्पे चाळणाऱ्या एका हातानं एवढं केलं.

*

आपल्याकडच्या पुष्कळ श्रोत्यांना क्यूबाची वाट जयपूरवरून सापडू शकते. जयपूरचे विश्वमोहन भट्ट आणि अमेरिकन गिटारवादक राय कूडर यांचा ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ हा अल्बम 1993 साली आला. ध्वनिमुद्रणाच्या आधी दोघांची भेट होऊन तासही झाला नव्हता. ऐकताना त्यावर विश्वास बसत नाही, इतके ते एकमेकांना जागा देतात. पुढच्या वर्षी कूडरनं मालीच्या अली फार्का तुरेबरोबर ‘टॉकिंग टिंबक्टू’ केला. तो काढणाऱ्या ‘वर्ल्ड सर्किट’ कंपनीच्या निक गोल्डनं 1996 मध्ये त्याला हवानाला बोलावलं. बेत होता मालीच्या आणि क्यूबाच्या वादकांना एकत्र आणण्याचा, पण मालीचे वादक पोचू शकले नाहीत. मग जे होते त्यांच्यावर ‘बुएना व्हिस्टा सोशल क्लब’ हा अल्बम झाला.

सगळं श्रेय कूडरच्या नावावर जातं, ते मला पटत नाही. म्हाताऱ्या कलाकारांना शोधून, पटवून स्टुडिओत आणलं ते क्यूबाचेच वादक ह्वान दे मार्कोस गोन्सालेस यांनी. बूट पॉलिश करून गुजारा करणारे इब्राहिम फेरेर त्यांनी आणले. घरी पियानो नसलेले पियानोवादक रुबेन गोन्सालेसही त्यांनीच. आणखी एक. त्या अल्बममुळे क्यूबाचं संगीत म्हणजे जुन्या आठवणी असा समज जगभर पसरला. त्याच वर्षांत हवानातली तरुण मुलं ‘लोस व्हान व्हान’ आणि ‘एनजी ला बांदा’ या बँडांवर बेभान नाचत होती. तेही ऐकायला हवं.

*

मुंबईत काळा घोड्याचं ‘ऱ्हिदम हाउस’ 2016 मध्ये बंद झालं. चोरबाजारात जुन्या रेकॉर्डी अजून मिळतात, माहीमला ‘रिव्हॉल्व्हर क्लब’मध्ये नव्या मिळतात. फोनवर तर सगळंच आहे, पण तिथं बेस कुणी वाजवला हे शोधावं लागतं.

म्हणून सुरुवात करणाऱ्यांना विनंती, अल्बम घ्या आणि मागची बाजू वाचा. ‘इंट्रोड्युसिंग रुबेन गोन्सालेस’वर बेसपुढे ओर्लांदो ‘काचाइतो’ लोपेझ हे नाव दिसेल. त्याचे वडील ओरेस्तेस आणि काका इस्राएल ‘काचाओ’ लोपेझ, मांबोचे जनक. काचाओनं 1957 मध्ये हवानाच्या वादकांना रात्रीची कामं आटोपल्यावर पहाटे स्टुडिओत नेऊन नुसतं उत्स्फूर्त वाजवायला लावलं होतं. ती रेकॉर्ड आजही मिळते. ‘सिएम्ब्रा’च्या आधी ती ऐका.