सोडून दिलेल्या माशाचा हिशेब

मासा गळाला लागला की वर ओढायचा, टेपने मोजायचा आणि परत पाण्यात सोडून द्यायचा. कोकणातल्या माणसाला हे सांगितलं तर तो आधी तुमच्या तोंडाकडे बघेल आणि मग विचारेल, "मग गेलात कशाला?"

माझाही प्रश्न तोच होता. माझा जन्म खाडीकाठचा. आमच्याकडे गरी घेऊन 'गरवायला' जाणं म्हणजे संध्याकाळच्या कालवणाची सोय. मुलगा नोकरीनिमित्त न्यू जर्सीत स्थायिक झाला. तिथे त्याला समुद्रावर गळ टाकायचा नाद लागला, आणि बापाच्या नादाने नातवालाही. नोकरी कॉम्प्युटरची आणि छंद कोळ्याचा! सूनबाईंनी तर हातच टेकलेत. मी तिकडे गेले की माझी खुर्ची, शाल आणि चहाचा थर्मास घेऊन ही वरात सँडी हूकच्या किनाऱ्यावर जाते. हवा स्वच्छ असली तर तिथून पाण्यापलीकडे न्यू यॉर्कच्या उंच इमारती दिसतात.

त्यांचा लाडका मासा म्हणजे स्ट्राइप्ड बास. अंगावर सात-आठ काळ्या रेघा, जणू कुणी वहीची पानं आखलीत. बंगालचा हिल्सा जसा समुद्रातून नदीत अंडी घालायला येतो, तसाच हा वसंतात चेसापीकच्या उपसागराला मिळणाऱ्या नद्यांत आणि हडसन नदीत चढतो आणि उन्हाळ्यात किनाऱ्याकिनाऱ्याने पार उत्तरेला मेनपर्यंत जातो. तीस वर्षंसुद्धा जगतो म्हणे. न्यू जर्सीत त्याची व्यापारी मासेमारी बंद आहे. हौशी माणसाने दिवसाला एकच घरी न्यायचा, आणि तोही २८ ते ३१ इंचांतलाच.

लहान मासा सोडायचा हे समजू शकते. पण मोठा का सोडायचा? नातवाने मला शिकवलं, "आजी, मोठ्या माशा म्हणजे आज्या असतात. त्यांच्या पोटात सगळ्यात जास्त अंडी." आता आज्यांना एवढा मान मिळत असेल तर मी कशाला तक्रार करू?

तर मंडळी, सांगायचा मुद्दा वेगळाच आहे. हे नियम सरकारने वरून लादले असतील असं मला वाटत होतं. पण मुलाने जसजसं सांगितलं आणि दुपारच्या वेळात मी जसजसं वाचत गेले, तसतसं लक्षात आलं की या माशाच्या गोष्टीत गळ टाकणारी साधी माणसं जागोजागी आहेत. कधी फिर्यादी म्हणून, कधी मोजणीदार म्हणून आणि कधी आरोपी म्हणूनसुद्धा!

फिर्यादीची गोष्ट आधी. १९६२ साली न्यू यॉर्कच्या वीज कंपनीने हडसनकाठच्या स्टॉर्म किंग डोंगरावर मोठा वीजप्रकल्प काढायचं ठरवलं. नदीचं पाणी पंपाने वर चढवायचं आणि हवं तेव्हा खाली सोडून वीज करायची. त्या पाण्याबरोबर बासची अंडी आणि पिल्लंही ओढली जाणार होती. रॉबर्ट बॉइल नावाचा एक लेखक क्रीडाविषयक साप्ताहिकात लिहीत असे आणि स्वतः पट्टीचा गळवाला होता. त्याने हा विषय धरला. १९६६ मध्ये त्याने आणि नदीकाठच्या लोकांनी मिळून हडसन रिव्हर फिशरमेन्स असोसिएशन काढली. त्यात हौशी होते तसे जाळं टाकून पोट भरणारेही होते. पहिला अध्यक्ष तर कबरी खणायचं काम करणारा माणूस. गंमत म्हणजे बॉइलने १८८८ आणि १८९९ सालचे दोन विस्मृतीत गेलेले कायदे शोधून काढले. जलमार्गात घाण टाकणाऱ्याला दंड, आणि खबर देणाऱ्याला त्या दंडातला निम्मा वाटा! एका रेल्वे कंपनीचा नदीत तेल ओकणारा पाइप त्यांनी याच कायद्याने बंद करवला आणि दोन हजार डॉलर इनामही घेतलं. स्टॉर्म किंगचा प्रकल्प शेवटी १९८० च्या तडजोडीत सोडून द्यावा लागला. पुढे मॅनहॅटनच्या कडेने नदीत भराव घालून वेस्टवे नावाचा महामार्ग होणार होता. तिथल्या जुन्या धक्क्यांखाली बासची पिल्लं हिवाळा काढतात, हा मुद्दा कोर्टात इतका भारी पडला की १९८५ मध्ये तोही प्रकल्प गुंडाळला गेला. एका माशाने हायवे अडवला!

पण नदी राखली तरी मासा संपत चालला होताच, कारण धरणारे हात फार झाले होते. सत्तरच्या दशकाच्या शेवटी बासची संख्या कोसळली. १९८४ मध्ये अमेरिकन संसदेने खास या माशासाठी कायदा केला, आणि मेरीलँड राज्याने १९८५ पासून पाच वर्षं हा मासा धरणंच बंद केलं. जाळेवाल्यालाही बंदी आणि गळवाल्यालाही. मासा परत आला. १९९५ मध्ये 'आता साठा पूर्ववत झाला' असं जाहीर झालं. किनाऱ्यावरचे म्हातारे गळवाले ही गोष्ट आपण बहात्तरच्या दुष्काळाच्या सांगतो तशी सांगतात.

आता मोजणीदार. सँडी हूकवरच १९६१ पासून अमेरिकन लिटोरल सोसायटी नावाची संस्था आहे. तिचे सभासद १९६५ पासून एक काम करतात. धरलेल्या माशाच्या पाठीत नंबर घातलेली बारीक खूण अडकवायची, लांबी, तारीख, ठिकाण लिहायचं आणि मासा सोडायचा. पुढे कुणाला तो सापडला तर तो कळवतो. मासा कुठून कुठे गेला, किती वाढला, हे असं पोस्टकार्डांच्या जमान्यापासून गोळा होत आलंय. शिवाय सरकारी मोजणीदार धक्क्यावर उभे असतात. किती धरले, किती सोडले, किती तास बसलात, सगळं विचारतात. न्यू जर्सीत गळवाल्याला दरवर्षी नावही नोंदवावं लागतं, अर्थात फुकट. हे ऐकून मला आमची जनगणनेची ड्यूटी आठवली. उन्हातान्हात दारोदार फिरताना आम्ही शिक्षक किती कुरकुरायचो! पण गावात माणसं किती हेच माहीत नसेल तर विहिरी किती आणि शाळा किती, हे ठरणार कसं? समुद्राचंही तेच.

आणि पैसा? १९५० च्या कायद्याने तिकडे गळ, रॉड, रीळ यांवर साधारण दहा टक्के कर बसतो, आणि तो माशांच्याच कामासाठी राज्यांना वाटला जातो. मुलाने नवा रॉड घेतला की सूनबाईंची समजूत घालायला हे कारण त्याच्या फार उपयोगी पडतं.

इथपर्यंत सगळं छान वाटतं. पण फ्लोरिडाची गोष्ट वाचली आणि मी थबकले. तिथे १९९४ मध्ये मतदान झालं. किनाऱ्याजवळच्या पाण्यात मोठी जाळी लावायला बंदी करावी का? मागणी लावून धरली होती हौशी गळवाल्यांनी आणि त्यांच्या मासिकाने. ७२ टक्के लोकांनी 'हो' म्हटलं, ते थेट राज्याच्या घटनेत गेलं आणि जुलै १९९५ पासून लागू झालं. माशांना त्याचा फायदा झाला असं गळवाले सांगतात. पण सीडर की, कॉर्टेझ यांसारख्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या जाळ्यावर जगणारी घरं होती. त्यांचा धंदा एका दिवसात गेला. सीडर कीमध्ये सरकारी प्रशिक्षण घेऊन काही जण शिंपल्यांची शेती करू लागले, आणि ती पुढे चांगली चालली हे खरं. पण शनिवारी येणाऱ्याने मत द्यायचं आणि रोज येणाऱ्याने जाळं गुंडाळायचं, हे माझ्या घशाखाली उतरेना. माझ्या वर्गात कोळ्यांची मुलं असायची. होळीनंतर मासळी कमी मिळाली की त्यांच्या वह्या महिनाभर उशिरा यायच्या. समुद्र राखायचा म्हणजे कुणाच्या जिवावर, हा प्रश्न मला त्या वह्यांमुळे पडतो.

मी मुलाला हे बोलून दाखवलं. तो म्हणाला, "आई, बासच्या बाबतीत तर आता आमच्यावरच आलंय." आणि त्याने मला आकडा दाखवला. २०१९ मध्ये या माशाचा साठा पुन्हा धोक्याच्या रेषेखाली गेल्याचं जाहीर झालं. शास्त्रज्ञांनी २०१७ सालचा हिशेब मांडला होता. माणसाच्या हातून मेलेल्या बासपैकी जाळेवाल्यांचा वाटा साधारण एक दशांश. बाकी सगळे हौशी लोकांचे. आणि एकूण मेलेल्यांत जवळजवळ निम्मे कोण? तर सोडून दिलेले! शंभर मासे सोडले तर नऊ मरतात असं हिशेबात धरलं जातं. गळ खोल गिळला जातो, पाणी कोमट असतं, मासा झुंजून दमलेला असतो, आणि वर त्याला हातात धरून फोटो काढायचा असतो. शंभरात नऊ म्हणजे फार नाही. पण कोट्यवधी मासे सोडले जातात तेव्हा त्या नवाचं काय होतं, ते गणिताच्या बाईंनी सांगायला नको.

म्हणजे ज्याला वाटत होतं 'मी तर सोडतो, माझा काय दोष', त्याचंच नाव हिशेबाच्या वहीत सगळ्यात वर. मला या सगळ्या प्रकरणातली हीच जागा सगळ्यात महत्त्वाची वाटते. कारण इथे दोन रस्ते फुटतात. एक म्हणजे आकडाच खोटा म्हणायचा. तसं म्हणणारेही पुष्कळ आहेत. दुसरा म्हणजे स्वतःला त्या वहीत मोजून घ्यायचं.

२०२३ च्या डिसेंबरात मी तिकडेच होते. मेनपासून फ्लोरिडापर्यंतच्या पंधरा राज्यांचं एक मत्स्य कमिशन आहे, १९४२ पासूनचं. त्यात प्रत्येक राज्याचे तीन प्रतिनिधी. एक मत्स्य खात्याचा, एक आमदार आणि एक गव्हर्नरने नेमलेला नागरिक. २०२२ मध्ये हौशी लोकांनी घरी नेलेले मासे आदल्या वर्षाच्या जवळजवळ दुप्पट झाले, म्हणून मे २०२३ मध्ये या कमिशनने तातडीने ३१ इंचांची वरची मर्यादा लावली. त्याआधी ती ३५ होती. ती पुढे चालू ठेवायची का, यावर जनसुनावणी होती. मुलगा जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसला. मी शेजारी भाजी निवडत ऐकत होते. सगळं इंग्रजी कळलं असं नाही, पण शाळेच्या पालकसभा इतक्या केल्यात की आवाजावरून बरंच कळतं. एक बोटवाला चिडला होता. गिऱ्हाईक पैसे मोजून बोटीवर येणार आणि रिकाम्या हाती घरी जाणार, तर पुन्हा येईल का? त्याचंही खरंच होतं. मग एक म्हातारे गृहस्थ बोलले. आवाज थरथरत होता. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की मर्यादा ठेवा, आणि गरज पडली तर काही महिने आम्हाला गळसुद्धा टाकू देऊ नका.

स्वतःच्या सुखावर बंदी मागायला वेळ काढून आलेला माणूस मी फार वेळा पाहिलेला नाही. भाजी निवडायची थांबले.

जानेवारी २०२४ मध्ये ती मर्यादा कायम झाली. पण गोष्ट गोड झाली असं नाही. चेसापीकच्या मेरीलँड भागात दरवर्षी बासची पिल्लं मोजतात, आणि २०१९ ते २०२५ सलग सात वर्षं ती सरासरीपेक्षा फारच कमी भरली. नदीचं पाणी आणि हवामान यांपुढे गळवाल्याचा संयम किती पुरणार? पण त्याच्या हातात तेवढंच आहे, आणि तेवढं तरी त्याने करावं. २०२१ पासून आमिष लावून बास धरायचा तर गोल वळणाचा गळच वापरावा लागतो. तो पोटात न जाता ओठाच्या कोपऱ्यात अडकतो. नातू आता मासा पाण्याबाहेर न काढताच सोडवतो. फोटो नाही. त्याचे मित्र विचारतात, "पुरावा काय?"

आपल्याकडे गोष्ट अजून वेगळी आहे. २०२३ मध्ये महाराष्ट्राने पापलेटला राज्यमासा केलं आणि ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिले. कागदावर उत्तम. पण बाजारात बोटभर पापलेटांचा वाटा दिसतोच, आणि तो विकणारीला नावं ठेवून आपण तोच पिशवीत टाकतो. हल्ली पुण्या-मुंबईची मुलं सुट्टीत रॉड घेऊन कोकणात येतात. येऊ देत. त्यांना समुद्राचा लळा लागला तर चांगलंच आहे. फक्त एवढंच वाटतं की उद्या त्यांनी समुद्रासाठी आवाज उठवला तर तो हडसनसारखा उठवावा, कोळ्यांना बरोबर घेऊन. आणि बोट दाखवायच्या आधी स्वतःचे मासे मोजावेत. धरलेले, सोडलेले आणि आपण ताटात घेतलेलेसुद्धा.

असो. येत्या डिसेंबरच्या सुट्टीत नातू गावी यायचा आहे. त्याने फोनवर आधीच विचारून ठेवलंय, "आजी, आपल्या खाडीतल्या तांबोशीचा साइज किती असायला हवा?" मला सांगता येईना. आता मत्स्य खात्याच्या ऑफिसात जाऊन ते कोष्टक घेऊन येणार आहे. वाचकांपैकी कुणाला माझ्यासाठी आणखी एक प्रत हवी असेल तर सांगा, झेरॉक्स काढून ठेवीन.